हजेरीला न आलेले आवाज

गावातील पारावर किंवा शहरातील चहाच्या टपरीवर रोज येऊन बसणारा माणूस सलग चार दिवस दिसला नाही, तर त्याची चौकशी आपोआप होते. टपरीवाला विचारतो, शेजारी काहीतरी सांगतो, कोणीतरी संध्याकाळी घरी डोकावून येतो. ओळख वरवरची असली तरी त्याचे घर माहीत असते, आळी माहीत असते. पण ज्या मंडळीत माणसे एकमेकांना केवळ आवाजाने ओळखतात, वर्षानुवर्षे रोज बोलूनही ज्यांनी एकमेकांचा चेहरा पाहिलेला नसतो, तेथे एखादा नेहमीचा माणूस येईनासा झाला तर काय होते? त्याची अनुपस्थिती कोणाच्या लक्षात येते? आणि लक्षात आली तरी चौकशी कोठे करायची?

हौशी रेडिओच्या, म्हणजेच हॅम रेडिओच्या जगाला हा प्रश्न गेली शंभर वर्षे पडत आला आहे. दूरध्वनी दुर्मीळ होता तेव्हाही तो होता आणि प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला तरी तो सुटलेला नाही. छंदाच्या निमित्ताने एकत्र आलेल्या माणसांचा समूह कशामुळे टिकतो आणि त्यातून माणसे कशी गळत जातात, हे समजून घेण्यासाठी या छंदाइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

आवाजापुरती ओळख

सरकारी परीक्षा उत्तीर्ण होऊन स्वतःच्या नावाने बिनतारी प्रक्षेपण करण्याचा परवाना मिळवलेली व्यक्ती म्हणजे हॅम. आकाशवाणीवर एक बोलतो आणि लाखो ऐकतात. येथे प्रत्येक जण बोलतोही आणि ऐकतोही. परवान्यासोबत प्रत्येकाला एक कॉल साइन मिळते. भारतात ती बहुधा ‘व्हीयू २’ किंवा ‘व्हीयू ३’ने सुरू होते आणि पुढे दोन-तीन अक्षरे असतात. जगात तशी दुसरी कॉल साइन नसते. कालांतराने तीच त्या माणसाचे नाव होऊन बसते. अनेक हॅम एकमेकांची आडनावे विसरतात, पण कॉल साइन विसरत नाहीत.

या गप्पांना मर्यादाही आहेत. धंद्याचे, राजकारणाचे किंवा धर्मप्रचाराचे बोलणे नियमात बसत नाही. त्यामुळे संभाषण यंत्राचे, अँटेनाचे, हवामानाचे, क्वचित प्रकृतीचे राहते. आज पाऊस किती झाला, तुमचा आवाज कालपेक्षा स्वच्छ येतो आहे, नवा ट्रान्झिस्टर कोठे मिळाला, असे साधे विषय. बाहेरच्या माणसाला त्यात काय गोडी, असे वाटेल. परंतु रोज सकाळी त्याच वेळी तोच आवाज तोच नमस्कार घालतो, तेव्हा बोलण्याच्या विषयापेक्षा त्या आवाजाची सवय अधिक मोलाची ठरते.

या मंडळींचा ठरलेल्या वेळी, ठरलेल्या वारंवारतेवर भरणारा मेळावा ‘नेट’ म्हणून ओळखला जातो. त्याचे सूत्रसंचालन करणारा ‘नेट कंट्रोल’. त्याचे पहिले काम म्हणजे हजेरी घेणे. तो एकेक कॉल साइन पुकारतो, समोरून उत्तर आले की वहीत खूण करतो आणि पुढे जातो. शाळेतल्या हजेरीसारखाच हा रूक्ष प्रकार आहे. मात्र नेहमीचा एखादा आवाज आज आला नाही, ही गोष्ट प्रथम याच वहीत नोंदली जाते.

आकाश बंद की माणूस?

हजेरीला उत्तर आले नाही, याचा अर्थ मात्र लगेच लावता येत नाही. त्यासाठी एक कल्पना करू. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील राहुरी हे मुळा नदीकाठचे, महात्मा फुले कृषी विद्यापीठामुळे महाराष्ट्रभर परिचित असलेले गाव. समजा, तेथील एका शेतात दोन झाडांच्या मध्ये सुमारे वीस मीटर लांबीची तार ताणून कोणी हौशी माणूस सात मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर बोलत आहे. मुंबईच्या किंवा पुण्याच्या सदनिकेत अशी तार बांधायला गच्चीची परवानगी मिळवताना नाकी नऊ येतात. राहुरीच्या शेतात तिला जागाच जागा आहे.

राहुरीहून पुणे रस्त्याने दीडशे किलोमीटरच्या आसपास. सरळ रेषेत जाणाऱ्या अतिउच्च वारंवारतेच्या लहरींना मधले पठार आणि पृथ्वीची गोलाई आडवी येते. उंच डोंगरावर पुनःप्रक्षेपक नसेल तर त्या पोहोचत नाहीत. सात मेगाहर्ट्झच्या लहरींची वाट निराळी आहे. त्या जवळजवळ उभ्या वर जातात, जमिनीपासून शेकडो किलोमीटर उंचीवरील आयनांबराच्या थरावर आदळून परत फिरतात आणि पुण्यावर, नाशिकवर, सोलापूरवर कारंज्याच्या तुषारांप्रमाणे उतरतात. हा थर सूर्याच्या किरणांमुळे तयार होतो. सूर्य मावळल्यावर काही तासांत तो विरळ होतो, मग उभ्या गेलेल्या लहरी परत न येता अवकाशात निसटतात. अशा वेळी राहुरीच्या माणसाला हजारो किलोमीटरवरचा परदेशी आवाज स्पष्ट ऐकू येतो आणि पुण्याचा मित्र मात्र नाहीसा होतो.

सूर्याचा हा लहरीपणा केवळ दिवस-रात्रीपुरता नाही. सूर्यावरील डागांचे चक्र सुमारे अकरा वर्षांचे असते. २००८-०९ मध्ये सूर्य विलक्षण शांत होता. डिसेंबर २०१९च्या सुमारास पुन्हा तशीच मंदी आली आणि २०२४ मध्ये सूर्य पुन्हा ऐन भरात आला. मंदीच्या वर्षांत वरच्या वारंवारतेचे पट्टे महिनोन् महिने सुने पडतात. त्या काळात अनेक जुने आवाज नाहीसे होतात आणि सूर्य जागा झाला की त्यांतील काही पुन्हा उगवतात. म्हणूनच जुन्या हॅमची पहिली प्रतिक्रिया काळजीची नसते. ‘आज पट्टा बंद असेल’ असे म्हणून तो पुढे जातो. हा दिलासा बहुतेक वेळा खरा असतो, पण एखाद्या दिवशी तो खोटा ठरतो. दोन्ही दिवशी रेडिओतून येणारी खरखर सारखीच असते.

दुसरे कारण त्याहून चमत्कारिक आहे. शहरांत आणि आता गावांतही एलईडी दिवे, स्वस्त चार्जर, इन्व्हर्टर यांची गर्दी झाली आहे. त्यांतील अनेक उपकरणे रेडिओच्या पट्ट्यांवर सतत गोंगाट सोडतात. हा गोंगाट फक्त ऐकणाऱ्याच्या बाजूला असतो. परिणामी हजेरीत एखाद्याचे नाव पुकारले जाते, तो यंत्रासमोर बसलेलाही असतो, पण त्याला ते ऐकूच येत नाही. नेटच्या दृष्टीने तो गैरहजर. त्याच्या दृष्टीने बाकी सारे गैरहजर. काही महिने असे गेले की माणूस यंत्र झाकून ठेवतो आणि पुढे ते उघडतच नाही.

एकाच वेळी सारे गप्प

गळती एकेकाची होते, तशी कधी संपूर्ण समूहाचीही होते. भारतात हौशी बिनतारी प्रयोगांना १९२०च्या दशकाच्या आरंभी सुरुवात झाली. मूठभर लोक, त्यांतील बरेचसे इंग्रज, काही भारतीय. १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू होताच सरकारने परवाने स्थगित केले आणि प्रक्षेपण-यंत्रे पोलिसांकडे जमा करण्याचे आदेश निघाले. रोज एकमेकांशी बोलणाऱ्या साऱ्या कॉल साइन एकाच वेळी गप्प झाल्या. कोणी आजारी नव्हते, कोणी कंटाळले नव्हते, कायद्याने गप्प बसवले होते.

त्या शांततेत मुंबईतून एक आवाज मात्र उमटला. १९४२च्या ऑगस्टमध्ये ‘चले जाव’ची घोषणा झाल्यावर उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. त्याच्या तांत्रिक उभारणीत नरिमन प्रिंटर या मुंबईच्या हौशी रेडिओतज्ज्ञाचा हात होता. पोलिसांना चकवत जागा बदलत चाललेले हे प्रक्षेपण अवघे काही आठवडे टिकले. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी केंद्रावर धाड घातली. पकडला गेलेल्या प्रिंटरनेच पोलिसांना माहिती दिली, हे या इतिहासातील कटू सत्य आहे. कोणता आवाज खरा सोबती आणि कोणता नव्हे, हे केवळ लहरींवरून ओळखता येत नाही, याचा तो दाखला म्हणावा लागेल.

युद्ध संपल्यावर परवाने पुन्हा मिळू लागले. पण परत आलेली मंडळी तीच नव्हती. इंग्रज मायदेशी गेले होते, काही भारतीयांची यंत्रे गेली होती, काहींची उमेद. छंदाने जणू पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात केली.

दुसऱ्यांची हरवलेली माणसे

या छंदाची गंमत अशी की, इतरांची हरवलेली माणसे शोधण्यात ही मंडळी वाकबगार आहेत. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्या वेळी ग्रामीण भागात दूरध्वनीची अवस्था बेताचीच होती आणि हौशी रेडिओचालकांनी संदेशवहनाला हातभार लावला. १९९९चे ओडिशातील चक्रीवादळ आणि २६ जानेवारी २००१चा भूज येथील भूकंप यांतही असेच घडले.

डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेचे एक पथक अंदमानला गेले होते. अनेक वर्षांच्या खंडानंतर तेथून हौशी प्रक्षेपण करावे, जगभरच्या छांदिष्टांशी संपर्क साधावा, एवढाच त्यामागचा हेतू होता. २६ डिसेंबरला त्सुनामी आली आणि पोर्ट ब्लेअरच्या हॉटेलातील ते छंदाचे केंद्र क्षणात जीवनरेखा बनले. मुख्य भूमीवरचे नातेवाईक आपल्या माणसांची नावे देत होते आणि बेटांवरून उत्तरे येत होती: आहे, सुखरूप आहे, शोध चालू आहे. पश्चिम बंगालमधील रेडिओ क्लबने तर गंगासागर यात्रेत चुकलेल्या आणि अन्यत्र भरकटलेल्या माणसांना त्यांच्या घरच्यांशी जोडून देण्याचे काम सातत्याने केले आहे.

अनोळखी माणसाचे घर शोधून काढणारी ही मंडळी स्वतःच्या मेळ्यातील जुन्या सोबत्याचा ठाव मात्र कित्येकदा लावू शकत नाहीत. कारण साधे आहे. संकटाच्या वेळी शोध घेणे हे ठरवून केलेले काम असते. त्याची यादी असते, जबाबदारी वाटलेली असते, उत्तराची कोणी वाट पाहत असते. छंदाच्या मेळ्यात कोणी कोणाला बांधील नसतो. यावेसे वाटले तर यावे, नाही तर नाही, हीच त्या मेळ्याची मोकळीक आणि हेच त्याचे दुबळेपण. आपुलकी असते, पण ती प्रत्यक्षात आणण्याचे काम नेमके कोणाचे, हे ठरलेले नसते.

मूक कळ

मृत्यूसाठी मात्र या समाजाने स्वतःचा शब्द घडवला आहे. निधन पावलेल्या हॅमला ‘सायलेंट की’, म्हणजे मूक कळ म्हणतात. पूर्वी सारे बोलणे मोर्सच्या कड-कट्टमध्ये चाले. संदेश पाठवण्याची पितळी कळ हाच त्या माणसाचा हात आणि तोच आवाज. प्रत्येकाच्या ठिपक्यांची आणि रेघांची लय निराळी असे. जाणकार कॉल साइन कानावर पडण्याआधीच केवळ त्या लयीवरून माणूस ओळखत. संभाषण पूर्ण संपले, हे सांगण्यासाठी तीन ठिपके, रेघ, ठिपका, रेघ अशी खूण पाठवली जाते. त्या खुणेची अक्षरे आणि मूक कळ या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे एकच. त्यामुळे मृत्यूची नोंद आणि बोलण्याचा शेवट एकाच चिन्हात सामावले. अमेरिकेतील हौशी रेडिओ संघटनेच्या मासिकात अशा दिवंगतांच्या याद्या छापण्याची जुनी प्रथा आहे.

मात्र या यादीत नाव येण्यासाठी कोणीतरी कळवावे लागते. येथेच अडचण सुरू होते. घरच्यांच्या दृष्टीने बाबा किंवा आजोबा माळ्यावरच्या खोलीत ‘कोणाशी तरी’ बोलत असत. ते कोण, कोठले, त्यांना कळवायचे कसे, हे पत्नीला किंवा मुलांना ठाऊक नसते. पूर्वी जगभरच्या हॅमची नावे आणि पत्ते असलेले जाडजूड कॉलबुक निघत असे. छापील स्वरूपात ते १९९०च्या दशकात थांबले. घरी दहा-पंधरा नातेवाईकांना फोन जातात, वृत्तपत्रात निधनवार्ता येते आणि रोज सकाळी सात मेगाहर्ट्झवर वाट पाहणाऱ्या माणसांना मात्र काहीही कळत नाही. ते म्हणत राहतात, ‘पट्टा बंद असेल.’

आवाज गेला, माणूस आहे

न येणाऱ्यांपैकी सारेच हे जग सोडून गेलेले नसतात. किंबहुना बहुतेक जण जिवंत आणि ठणठणीत असतात. शिक्षण संपले, नोकरी लागली, बदली झाली, लग्न झाले, गृहनिर्माण संस्थेने अँटेना उतरवायला लावली, यंत्र बिघडले आणि दुरुस्त करणारा मिळाला नाही. यांतील एकही घटना निरोप घेण्याइतकी मोठी नसते. आज राहिले, उद्या बोलू, असे म्हणता म्हणता वर्षे लोटतात. मग परत यायला संकोच वाटू लागतो. निवृत्तीनंतर धूळ झटकून पुन्हा यंत्रासमोर बसणारे काही असतात. पण तोवर त्यांना ओळखणाऱ्यांतलेच अर्धे आवाज नाहीसे झालेले असतात.

तंत्रज्ञानानेही एक नव्या प्रकारची अनुपस्थिती निर्माण केली आहे. १९९३चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणारे खगोलशास्त्रज्ञ जोसेफ टेलर हे स्वतः हॅम. त्यांनी आणि स्टीव्हन फ्रँक यांनी २०१७ मध्ये ‘एफटी ८’ ही संगणकीय संदेशपद्धती आणली. पंधरा-पंधरा सेकंदांच्या ठरावीक खेपांत दोन संगणक कॉल साइन, ठिकाणाची संक्षिप्त खूण आणि संदेशाची तीव्रता एवढेच एकमेकांना कळवतात. कानाला केवळ गोंगाट वाटेल इतका क्षीण संदेशही या पद्धतीने उलगडतो. सूर्याच्या मंदीच्या वर्षांत आणि शहरी गोंगाटात अडकलेल्यांना ती वरदान ठरली. हजारो जण पुन्हा पट्ट्यावर दिसू लागले. पण ‘दिसू’ लागले, बोलू लागले नाहीत. पडद्यावर ओळखीची कॉल साइन झळकते, संपर्क झाल्याची नोंद होते. मात्र प्रकृती कशी आहे, हे विचारायला त्या ओळीत जागा नसते. माणूस आहे, आवाज नाही, अशी ही अवस्था.

जपानचे उदाहरण या संदर्भात पाहण्याजोगे आहे. १९९०च्या दशकाच्या मध्याला तेथे तेरा लाखांहून अधिक हौशी रेडिओ केंद्रांना परवाने होते. मोबाइल फोन आला आणि पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत ही संख्या चार लाखांच्या खाली घसरली. दहा लाखांच्या आसपास केंद्रे परवान्याच्या यादीतून वजा झाली. त्यामागची माणसे काही मेली नाहीत. त्यांना एकमेकांशी बोलण्यासाठी रेडिओची गरज उरली नाही, एवढेच. गरज म्हणून आलेला माणूस गरज सरताच जातो आणि छंद म्हणून आलेला थोडा रेंगाळतो. कोणीतरी आपली वाट पाहत आहे असे वाटणारा मात्र सहसा जात नाही. कोणत्याही मेळ्याची पटसंख्या अखेर या तिसऱ्या प्रकारच्या माणसांवर अवलंबून असते.

एका उपग्रहाचा निरोप

माणसांच्या बाबतीत जे जमत नाही, ते एका यंत्राच्या बाबतीत फार नेटकेपणाने घडले. भारतीय अवकाश संशोधन संस्थेने ५ मे २००५ रोजी पीएसएलव्ही-सी ६ या प्रक्षेपकाद्वारे कार्टोसॅट-१ सोबत हॅमसॅट हा छोटा उपग्रह अवकाशात सोडला. वजन पन्नास किलोंपेक्षा कमी. काम एवढेच की, जमिनीवरच्या हॅमचा आवाज झेलायचा आणि दुसऱ्या हॅमपर्यंत पोहोचवायचा. त्यावरील दोन पुनःप्रक्षेपकांपैकी एक भारतीय बनावटीचा, तर दुसरा एका डच विद्यार्थ्याने तयार केलेला होता. दिवसातून काही वेळा तो डोक्यावरून जाई आणि त्या दहा-पंधरा मिनिटांत त्याच्याखाली आलेल्या प्रदेशातील मंडळी गप्पा मारून घेत. नऊ वर्षे हा क्रम चालला.

जुलै २०१४ मध्ये बॅटरी निकामी झाल्यामुळे हॅमसॅटचे कार्य संपल्याचे संस्थेने जाहीर केले. जगभरच्या हॅमना त्याच्या निरोपाची वार्ता काही दिवसांत कळली. त्याच्या जन्माची तारीख नोंदलेली आहे, अखेरही नोंदलेली आहे. कारण त्याच्या प्रकृतीवर सतत लक्ष ठेवणारे आणि ती इतरांना कळवणारे एक केंद्र होते. त्याच्यामार्फत बोलणाऱ्या कित्येक माणसांच्या बाबतीत मात्र अशी नोंद कोठेही नाही.

मागे राहिलेल्या पेट्या

गेलेल्या हॅमच्या घरी दोन गोष्टी उरतात. पहिली म्हणजे कार्डांच्या पेट्या. दोन केंद्रांचा पहिल्यांदा संपर्क झाला की त्याची पोच म्हणून पोस्टकार्डाएवढे छापील कार्ड पाठवण्याची प्रथा आहे. त्यावर कॉल साइन, दिनांक, वेळ, वारंवारता आणि आवाजाचा दर्जा लिहिलेला असतो. चाळीस वर्षे बोलणाऱ्या माणसाकडे अशी हजारो कार्डे साठतात. ती रद्दीत गेली की त्या माणसाच्या मैत्रीचा एकमेव लेखी पुरावा जातो. ऑस्ट्रियातील व्हिएन्ना येथे मूक झालेल्या हॅमची अशी कार्डे जमवून जतन करणारे एक अभिलेखागार आहे. तेथील संग्रह लाखोंच्या घरात आहे. आपल्याकडे ही कार्डे बहुधा माळ्यावरून थेट रद्दीवाल्याकडे जातात.

दुसरी गोष्ट म्हणजे यंत्र. प्रक्षेपण करू शकणारे यंत्र विनापरवाना बाळगता येत नाही. त्यामुळे वारसांनी ते कपाटात ठेवून देणे किंवा भंगारात विकणे, हे दोन्ही मार्ग योग्य नव्हेत. परवानाधारक हॅमच्या किंवा परवानाधारक क्लबच्या मदतीने त्याची रीतसर विल्हेवाट लावणे, हाच सरळ मार्ग. पण त्यासाठीही घरच्यांना निदान एका तरी सोबत्याचे नाव आणि फोन नंबर माहीत असावा लागतो. आवाजाच्या जगात आयुष्य काढलेल्या माणसाने ही एक ओळ कागदावर लिहून ठेवली, तर निरोप जातो, यंत्र योग्य हाती पडते, कार्डेही वाचतात. खर्च काहीच नाही. तरीही फार थोडे जण ते करतात, कारण आपणही एक दिवस हजेरीला नसू, हे लिहून ठेवणे कोणालाच रुचत नाही.

नोंद ठेवणारा

मघाशी कल्पनेत उभारलेले हौशी केंद्र राहुरीत होते. त्याच राहुरी तालुक्यातील ताहराबाद हे संतचरित्रकार महिपतींचे गाव. महिपतींचा काळ १७१५ ते १७९०. घराण्याकडे कुलकर्णीपण, म्हणजे गावच्या दप्तराची नोंद ठेवणे हा पेशा. आपली लेखणी त्यांनी संतांच्या चरित्रांकडे वळवली आणि १७६२ मध्ये ‘भक्तविजय’ पूर्ण केला. ज्यांच्याविषयी त्यांनी लिहिले, त्यांतील बहुतेक जण त्यांच्या कितीतरी आधी होऊन गेलेले, काही तर दूरच्या प्रांतांतले. ठिकठिकाणी विखुरलेल्या कथा त्यांनी एका जागी आणल्या. संतांची परंपरा आणि एक छंद यांची बरोबरी अर्थातच होऊ शकत नाही. परंतु मेळा कोणताही असो, तो गाणाऱ्या-बोलणाऱ्यांमुळे जितका टिकतो, तितकाच कोण येत होते हे लिहून ठेवणाऱ्यामुळेही टिकतो, एवढे त्यातून निश्चित दिसते.

हौशी रेडिओच्या जगात हे काम नेट कंट्रोलच्या वहीत होते. काही मेळ्यांत त्यापुढचे पाऊलही टाकले जाते. नेहमीचा माणूस सलग काही दिवस आला नाही, तर त्याच्या गावाजवळचा एखादा हॅम फोन करतो किंवा प्रत्यक्ष जाऊन येतो. यासाठी उपग्रह लागत नाही की नवे तंत्रज्ञान. हे काम कोणाचे, हे आधी ठरलेले असले म्हणजे पुरते. उत्तर कधी ‘अँटेना वादळात पडली’ असे असते, कधी ‘मुलाकडे पुण्याला गेले आहेत’ असे. कधी दार उघडणारी व्यक्ती क्षणभर थांबते आणि मग आत बोलावते. तीन्ही उत्तरांनंतर वहीतील त्या ओळीपुढची जागा भरता येते.

आजही सकाळच्या वेळी सात मेगाहर्ट्झवर कान दिला, तर खरखरीतून ही हजेरी ऐकू येते. संचालक एक कॉल साइन पुकारतो, बटण सोडतो आणि ऐकत राहतो. उत्तर आले नाही तर पुन्हा एकदा पुकारतो. आयनांबरातून आवाज परत यायला सेकंदाचा एक लहानसा अंशही लागत नाही, हे त्याला चांगले ठाऊक असते. तरीही तो त्याहून बराच अधिक वेळ थांबतो. मग त्या नावापुढची जागा रिकामी ठेवून पुढचे नाव घेतो.